पाचवी पुरचुंडी

चिंतामणीकाकांनी पिशवीतून साखळी काढून टीपॉयवर ठेवली. नवी होती. दुकानाची चिठ्ठी अजून तिला लोंबत होती.

गोटीने साखळीकडे पाहिलंही नाही. ती पॅसेजमध्ये माळ्याखाली उभी राहून वर तोंड करून भुंकत होती. थांबायची, दारापर्यंत धावत जायची, परत येऊन भुंकायची. दुपारचे साडेबारा वाजले होते. बदलापूरचा पारा त्रेचाळीसवर होता आणि कात्रपची लाईट अकरापासून गेलेली.

“कुत्री नाय ही, भोंगा आहे,” काका म्हणाले. “दादा हिला कसा सांभाळायचा कोण जाणे.”

राजसी ओलं फडकं घेऊन गोटीच्या पंजांशी बसली. पहाटे साडेपाचला तिने तिला चार किलोमीटर पळवून आणलं होतं. टबात बसवलं होतं, पातळ ताकाचा बर्फ चाटायला दिला होता, टॉवेलची ओढाओढ खेळून झाली होती. बाबा जाऊन पाच आठवडे झाले, आणि रोज हेच. बारा वाजले की गोटी माळ्याखाली येऊन उभी राहायची, ती ऊन उतरेपर्यंत. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली होती. शेवटी आईच म्हणाली होती, भाऊजींना फोन कर, घेऊन जाऊ देत वीटभट्टीवर.

“भट्टीवर सावली आहे का, काका?”

“ट्रक उभा असतो की. त्याच्याखाली बसेल.”

“आणि ट्रक गेल्यावर?”

“तू पण ना, बापावर गेलीस अगदी. हिला फिरवायच्या आधी डांबर किती तापलंय बघायला भर चौकात वाकून रस्त्याला हात लावायचा. लोक विचारायचे, महिपतराव, काय पडलं?”

काका एकटेच हसले. मग त्यांनी माळ्याकडे पाहिलं. “वरती उंदीर असेल. बघू का चढून?”

“नको,” आई म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली की राजसीने वळून पाहिलं. आईच्या हातातला पंखा थांबला होता.

“उंदीर नाही,” ती म्हणाली. “काय आहे ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून.”

ती गोटीकडे बघत बोलत होती. “उन्हात बाहेर काढता येत नाही म्हणून तुझे बाबा दुपारी हिच्याशी घरात खेळायचे. जुन्या बनियनच्या चिंधीत ओवा बांधायचे. अशा पाच पुरचुंड्या. गादीखाली, चपलांच्या मागे, कुठेही लपवायचे आणि हिने हुंगून शोधायच्या. म्हणायचे, धावून दमत नाही एवढी ही नाकाने दमते.”

“मला व्हिडिओ पाठवला होता त्यांनी.”

“त्यात पाचवी दिसली नसेल. लपवायच्या चारच. पाचवी यांच्या खिशात असायची. चार सापडल्या की ही यांच्याकडे यायची, खिशाला नाक लावायची. ते द्यायचे, आणि मग दोन्ही हात उघडून दाखवायचे तिला. की ही पाणी पिऊन झोपली, थेट पाचपर्यंत.”

आईने पंखा मांडीवर ठेवला.

“त्या दिवशी चार सापडल्या होत्या.”

काकांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

पुढचं राजसीला ठाऊक होतं. हॉस्पिटलने बाबांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून परत दिले होते. घरी आल्यावर आई स्वतः स्टुलावर चढली होती आणि ती पिशवी तिने न उघडता माळ्यावर टाकली होती. तेराव्यानंतर बाबांचे कपडे गोळा करून देऊन टाकले, तेव्हाही त्या पिशवीचं नाव कोणी काढलं नव्हतं.

“मग बोलली का नाहीस, आई?”

“पिशवी उघडावी लागली असती. त्यापेक्षा हिलाच जाऊ दे, म्हटलं.”

गोटी भुंकत होती. तिच्या जिभेवरून लाळ फरशीवर गळत होती.

“स्टूल आण,” आई म्हणाली.

राजसीने पिशवी खाली काढली. गाठ पक्की होती. कात्री पुढे केली तर आईने मान हलवली आणि फरशीवर बसून नखांनी गाठ सोडवत राहिली. बराच वेळ लागला. तोवर गोटी गप्प झाली होती.

शर्ट पुढून कापलेला होता, गळ्यापासून खालपर्यंत. खिसा मात्र शाबूत होता.

गोटीने खिशात नाक घातलं. पुरचुंडी दातांत अलगद धरून बाहेर काढली, आईच्या मांडीवर ठेवली. मग ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि आईसमोर उभी राहिली. कान टवकारलेले. नजर आईच्या तोंडावर.

आईला कळायला एक क्षण लागला. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि तळवे उघडले.

गोटीने एक तळवा हुंगला, मग दुसरा. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. तिचं लपलप पिणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मग येऊन पॅसेजच्या फरशीवर अंग टाकलं, चारी पाय पसरून.

काकांनी साखळी उचलली आणि कड्यांचा आवाज होऊ न देता परत पिशवीत ठेवली.

“झोपली ती, आई,” राजसी हळूच म्हणाली.

आईचे हात अजून तसेच उघडे होते.