मैनाची पिशवी

माळावर फुग्यात गॅस भरत होता आणि प्रल्हाद शीळ घालत फुग्याखालच्या पाळण्याला वाळूच्या पिशव्या बांधत होता. कालपर्यंत त्याला घास गिळवत नव्हता.

"अगं, ही एवढीशी पिशवी कुणाची?"

अश्लेषाच्या हातातली दोरी सुटली. प्रत्येक शर्यतीआधी ती पिशवी त्यांची लेक मैना आपल्या मुठींनी भरायची. फुगा कितीही खाली आला तरी वजन कमी करायला दोघे बाकीची वाळू ओतत, ती कधीच नाही.

"मैनाची," ती म्हणाली.

"कोण मैना?"

शोकातल्या माणसाला आकाशात सोडायचं नाही, हा आयोजकांचा नियम. आधी तंबूत जाऊन मेलेल्याची आठवण काढून टाका, मग खुशाल उडा. माणूस उसवला तरी चालेल, शर्यत चुकता कामा नये! प्रल्हाद सकाळी रडत आत गेला आणि शीळ घालत बाहेर आला.

"चला ताई, तुमचा नंबर," तंबूच्या दारातून डॉक्टर म्हणाला. "काही दुखत नाही."

आता मैना फक्त तिच्या डोक्यात उरली होती. अश्लेषाने ती पिशवी सोडवून छातीशी धरली.

"माझं नाव काढा. यांना दुसरा जोडीदार द्या."

"डोकं फिरलं का तुझं?" प्रल्हाद ओरडला. "वर्षभराची मेहनत आपली!"

ती हलली नाही. दुपारी फुगा सुटला. पाळण्यातून वाकून प्रल्हादने खाली बघितलं.

"अगं, रडतेस काय अशी? कुणी मेलंय का?"