जबाब घेण्याचा सराव

ह्या वेळी मसुदा परत आला तो समासामुळे. डाव्या बाजूला जागा कमी सुटली होती. मजकुराबद्दल अभ्यासक्रमाच्या संगणकाने चकार शब्द काढला नव्हता. त्याने मजकूर वाचला असेल असंही वाटत नव्हतं.

"अख्खा अर्ज बरोबर आहे," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "आणि अडलंय कशात, तर समासात."

"सोडा की मग थोडी जागा," आतून बायको म्हणाली.

तो घरबसल्या पॅरालीगल होत होता. म्हणजे वकील नव्हे; वकिलाच्या हाताखाली बसून अर्ज तयार करणारा, अशिलांचे जबाब लिहून घेणारा माणूस. त्याआधी तो विमा कंपनीत होता. लोकांचे दावे बारीकसारीक कारणांवरून परत पाठवणं हे तिथलं त्याचं काम. पुढे ते काम संगणक जास्त निर्दयपणे करू लागला, आणि ऐन पन्नाशीत हा जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसला. तेव्हापासून घरात ताटं मांडीवर आली होती.

मेव्हणा सुट्टीच्या दिवशी येई आणि "काय निम्मे वकील, कुठवर आलं?" असं विचारी. हाताखालीच बसायचं तर अख्खा वकीलच का होत नाही, असंही त्याने एकदा विचारलं. ह्याने वयाचं कारण दिलं. मेव्हण्याने त्याच्या केसांकडे पाहिलं आणि कारण मान्य केलं. बायको मात्र भावावर उखडली.

"उगाच त्यांना टोचू नकोस. त्यांचं एकदा मार्गी लागू दे, की मी सुटले."

तो भारावला. भारावलेपण संध्याकाळपर्यंत टिकलं, मग पुढचा मसुदा परत आला.

सगळ्यांत मोठा वैताग होता तो जबाबाच्या सरावाचा. प्रत्येक धड्याच्या शेवटी घरातल्या कुणाला तरी अशील करायचं आणि त्याचा जबाब घ्यायचा. घरात कुणी म्हणजे बायकोच. दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून ती दमून आली, की हा कोट चढवून तिच्यासमोर बसे. एरवी ती झकास अशील व्हायची. मालकाने काढून टाकलेला कामगार झाली, भाडेकरू झाली, एकदा तर पाय मोडलेला सायकलस्वार झाली. पण विभक्त होणाऱ्या जोडप्याचा धडा आला आणि गाडी अडली.

"तुमची नवऱ्याबद्दल तक्रार काय?" त्याने विचारलं.

ती खिडकीच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "तक्रार अशी काही नाही."

"अगं, मारहाण म्हण, व्यसन म्हण. तक्रार नसलेलं अशील असतं का कुठे?"

"असेल एखादं."

त्याने पेन आपटलं. मनावर घेऊन करायचं नसेल तर राहू दे म्हणाला. तिने चूक कबूल केली आणि पुस्तकातली व्यसनाची तक्रार घडाघडा म्हणून दाखवली. जबाबाला चांगले गुण पडले.

अखेर प्रमाणपत्र मिळालं आणि वैतागाचा दुसरा भाग सुरू झाला. जो तो अनुभव मागत होता. अनुभवासाठी नोकरी हवी आणि नोकरीसाठी अनुभव, हे त्याने एका कार्यालयात समजावून सांगितलं. तिथल्या माणसाला ते पटलं, आणि त्याने नकार दिला.

मग जाहिरात आली एका वकीलबाईंची. फक्त नवराबायकोंचे दावे चालवणारं कार्यालय, घरापासून चालत जाण्याएवढं जवळ. अनुभवाची अट नाही. त्याने ती बायकोला वाचून दाखवली.

"तिथे नको," ती म्हणाली. "जिना फार उभा आहे. तुमचे गुडघे."

त्याचं डोकं फिरलं. समास झाला, अनुभव झाला, आता गुडघे. अर्ज केला, बोलावणं आलं, आणि तिला न सांगताच गेला. लागली की एकदम सांगू, चकित होईल.

जिना खरोखरच उभा होता. वकीलबाईंनी त्याचे मसुदे चाळले, समासाचं कौतुक केलं. विमा कंपनीतली वर्षं त्यांना अनुभवच वाटली. सोमवारपासून या म्हणाल्या. त्याला खुर्चीत जरा सैल बसावंसं वाटलं.

"एक राहिलं," त्यांनी कागद पुढे ओढला. "जवळच्या माणसांची नावं सांगा. नवा माणूस घेताना ती का विचारतात, माहीत असेल."

हा धडा तर त्याला पाठ होता; त्याने तो तिथेच म्हणून दाखवला. नवा माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी कार्यालयाच्या अशिलाविरुद्ध उभं असेल, तर त्याला घेता येत नाही. आणि कारणही सांगता येत नाही, कारण कोण आपलं अशील आहे हेच मुळात गुपित.

"छान," बाई म्हणाल्या.

त्याने भावाचं नाव सांगितलं. मग मेव्हण्याचं. मग बायकोचं, ती माहेरचंच नाव लावते, हेही कौतुकाने सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. घोटभर पाणी प्यायल्या.

"माफ करा. मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

"आत्ता तर सोमवारी या म्हणालात. झालं काय?"

"कारण सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत आत्ता."

म्हणजे घरातलंच कुणीतरी. भाऊ आणि भावजयीचं हल्ली धुसफुसत होतंच. मेव्हण्याचाही भरवसा नव्हता. निम्म्या वकिलाची नोकरी घालवायला हे दोघं पुरेसे होते. बाईंना कुणाच्या नावाने धक्का बसला, ते बघायला तो चिडून टेबलावर वाकला.

कागदावर भावाचं नाव होतं. मेव्हण्याचं होतं. बायकोचं नाव त्यांना लिहून घ्यावंच लागलं नव्हतं.