करवलीचं काम

वर्षाराणी आणि रेवतीची मैत्री कागल रोडच्या एका मंगल कार्यालयात कायमची तुटली. पण तसं काही घडलंच नाही असं दोघींचंही ठरलंय, तेव्हा आपण लग्नाचंच बोलू.

रेवती तृतीयपंथी, हे अख्ख्या गारगोटीला ठाऊक. तरी "करवली व्हईल तर माझी रेवाच," असं वर्षाराणीनं घरात भांडून ठरवलं होतं. करवलीचं मुख्य काम म्हणजे नवरी बाथरूमला गेली की तिच्यामागून आत जायचं आणि तो मणभर शालू भिजू न देता वर धरून उभं राहायचं. सकाळपासून रेवती ते इमानेइतबारे करत होती.

दुपारी तिला स्वतःलाच जोराची लागली. बायकांच्या रांगेनं तिला "ओ दादा" म्हणून परत पाठवलं, पुरुषांच्या दारातल्या पावण्यांनी "ओ ताई" म्हणून. मग ती नवरीच्या खोलीत आली.

"वर्षे, तुझ्या बाथरूमला जाऊन येऊ?"

वर्षाराणीनं आधी खोलीत बसलेल्या सासूकडं बघितलं. "आता नको गं. सासरच्या बायका बी हितंच जात्यात, बरं दिसत न्हाय. पाठवणीपर्यंत कळ काढ की."

रेवतीनं मान डोलावली. तेवढ्यात वर्षाराणीच उठली. "चल की रेवा, शालू धर."

सासूनं स्वतः बाथरूमचं दार उघडून दोघींना आत सोडलं.



तरी, सदर बाथरूममध्ये शालूसोबत प्रवेश असलेल्या करवलीस पाच मिनिटांपुरता शालूचा दर्जा मिळावा, ही नम्र विनंती.