खिळे की गोंद

"दुखतं का?" डॉक्टर ऋचानं रामधनच्या जांघेत बोट दाबत विचारलं.

"नाही." रामधन हसला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

दाराशी हमालांचा मुकादम नानाजी उभा होता. त्यानंच रामधनला महागावहून मोटारसायकलवर यवतमाळला आणलं होतं. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचा, जिनिंगचा हंगाम सुरू व्हायचा होता. यंदा कापूस बोंडअळीनंच खाल्ला, त्यामुळे गाठी ट्रकवर चढवायला निम्मेच हमाल लागणार होते.

"मले एकच सांगा मॅडम," नानाजी म्हणाला, "हा वजन उचलन का नाही?"

ऋचानं त्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं तसं रामधनचं हसू गेलं.

"शिंकलो तरी आग होते बाई. इथून पार मांडीपर्यंत."

हर्नियासाठी तिनं दुर्बिणीतून त्याच्या पोटात जाळी बसवली होती. जाळी सरकू नये म्हणून बारीक मळसूत्री टाचण्यांनी ती पक्की केली होती. त्यातली एखादी नसेपाशी गेली असावी.

"टाचणी नसेला लागत असेल, ती काढता येईल," ती म्हणाली. "पण पुन्हा ऑपरेशन. आणि या हंगामात हमाली नाही."

रामधन उठून बसला. "धनसिंगले काय लावलं?"

धनसिंग त्याचा जोडीदार. गाठीला एका बाजूनं हा, दुसऱ्या बाजूनं तो. त्याचंही ऑपरेशन ऋचानंच केलं होतं.

"त्याची जाळी गोंदानं चिकटवली. औषधी गोंद असतो."

"तो तं मस्त फिरून राह्यला. मंग मले काहून खिळे?"

"तुम्हाला आधी सांगितलं होतं, रामधनभाऊ. दोन्हीत चांगलं कोणतं, ते आम्ही पाहतोय. कोणाला काय लावायचं ते चिठ्ठी काढून ठरलं. तुम्ही हो म्हणालात."

"म्हन्लं. मंग समजलं का, चांगलं कोनतं?"

"इतक्यात नाही सांगता येत. अजून पुष्कळ पेशंट पाहायचेत. पण तुमच्यासारख्यांमुळेच समजेल."

"कोनाले?"

ऋचानं हातमोजे काढून टोपलीत टाकले.

तो पलंगावरून उतरला. पायजम्याची नाडी बांधत म्हणाला, "नानाजीले सांगा, काही नाही म्हून."

"खोटं नाही सांगणार मी."

"मंग बोलू नका. तेवढं तरी करा."

बाहेर नानाजी बाकावरून उठला. त्यानं काही विचारायच्या आतच रामधन वाकला, कोपऱ्यातला पाण्याचा भरलेला जार उचलून त्यानं खांद्यावर घेतला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. जार खाली ठेवताना त्यानं श्वास रोखला होता.

"झालं समाधान?" तो नानाजीला म्हणाला.

नानाजीनं ऋचाकडे पाहिलं. ऋचा फरशीकडे पाहत होती.

"चाल," नानाजी म्हणाला. "सोमवारी ये कामावर."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली नानाजीनं गाडीवर बसून किक मारली. रामधन मागच्या सीटपाशी आला. पाय टाकायला गेला, पाय उठला नाही. त्यानं नानाजीच्या पाठीकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीखाली घालून त्यानं स्वतःचा पाय दुसऱ्या कोणाचं ओझं उचलावं तसा उचलला आणि सीटच्या पलीकडे ठेवला.

"बसला का?" नानाजीनं मागे न पाहता विचारलं.

"बसलो," रामधन म्हणाला.