केसी मागे का बघतो

बफेलोच्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगला होता, वरून बर्फ भुरभुरत होता. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, जायबंदी झाला म्हणून उतरवलेला कोवळा केसी, चेंडू फेकण्याआधी सारखा मागे वळून बघत होता.

"भित्रं आहे कार्टं! पुढच्या वर्षी संघात दिसत नाही हा," प्रेक्षकांत बसून कोंबडीचं हाड चोखत बर्ट म्हणाला.

"शिकेल रे! पण भ्यायचं कशाला? मागून चाल करून येणाऱ्या समोरच्या संघातल्या रेड्यांना अडवायला आपला ड्वेन उभा आहे की पहाडासारखा. काय रोशेलवहिनी?" बर्टचा मित्र शेजारी बसलेल्या रोशेलकडे वळला.

ड्वेनची बायको नुसती हसली. हातमोज्यातली मूठ काही सुटेना.



गेल्या सामन्यात डोकं आपटलेल्या त्या पहाडानं, सकाळी स्टेडियमच्या दाराशी उतरताना तिला हळूच विचारलं होतं, "आपण इथं कशाला आलोय गं?"