थंड मोटर

आशयच्या रिमोटवाल्या गाडीची मोटर भारी तापायची. त्याने जाड तारा घातल्या, सोल्डरिंग नव्याने केलं, पण ताप काही उतरेना. आता तर बॅटरी काढून ठेवली तरी मोटर गरम लागायची. बॅटरी पेटू नये म्हणून तो ती गॅलरीत, सासूबाईंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, वाळूत पुरून ठेवायचा.

शेवटी त्याने मोटरच्या तिन्ही तारा कापून टाकल्या.

रविवारच्या दुपारी सगळा तात्यापारा मोहल्ला पेंगत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको कौमुदी गाढ झोपली होती. उन्हाचा पट्टा फरशीवरून सावकाश सरकत होता, आणि मोटरची ती बारीक, गोड घरघर पुन्हा सुरू झाली.

"बंद कर ना ते," कौमुदी झोपेतच पुटपुटली. "मले गरम होऊन राहिलं."

आशयने पलंगाखालून गाडी ओढली आणि सवयीप्रमाणे बोटांची मागची बाजू मोटरला लावून पाहिली. मोटर थंडगार होती. तीच बोटं त्याने कौमुदीच्या कपाळाला लावली, आणि चटका बसला.

उशाशी रिमोट चालूच होता. त्याने तो पटकन बंद केला. गाडी चालू असताना रिमोट आधी बंद करायचा नसतो, नाहीतर ती सुसाट सुटते, हे त्याला मागाहून आठवलं.

कौमुदी मिटल्या डोळ्यांनी उठली आणि सरळ गॅलरीकडे निघाली.

"कौमुदी, कुठं चालली?"

ती थांबली नाही. गॅलरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा होता.

आशयने रिमोट पुन्हा चालू केला आणि त्यावरचं गाडी वळवायचं चाक हळूच डावीकडे फिरवलं.

कौमुदी डावीकडे वळली.