उघड्या डोळ्यांचा वीणेकरी

या, असे पुढे सरकून बसा. तिकडे कर्ण्याखाली बसलात तर काही ऐकू यायचं नाही. नाथाजींच्या काल्याची गोष्ट सांगतो. एवढीशी आहे, पण गाठीला बांधून घरी न्यावी अशी.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. कृष्णाकाठच्या त्या गावात सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन रंगात आलेलं, आणि बुवांच्या शेजारी वीणा गळ्यात घालून नाथाजी उभे. सात दिवस ती वीणा या गळ्यातून त्या गळ्यात फिरते, पण भुईला टेकत नाही. टेकली की सप्ता मोडला. काल्याची वीणा नाथाजींची, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. त्या वर्षी मात्र मानसिंग पाटलांनी त्यांना सकाळीच बजावलं होतं, "तात्या, तोल गेला की वीणा केरबाच्या गळ्यात. मग पुन्यांदा मागायची न्हाई. औंदा न्हाई, फुडंबी न्हाई."

म्हणून दुसरा वीणेकरी केरबा त्यांच्या पाठीशी, हात पुढे करून तयार होता. नाथाजी पडले तर त्यांना नव्हे, वीणेला झेलायला.

नाथाजींच्या पायांना फरशी लागतच नव्हती. थंड की तापलेली, कळायला मार्ग नाही. कापसाच्या ढिगावर उभं राहावं, तसं. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा पाय जुळवून डोळे मिटायला लावले होते आणि पडता पडता धरलं होतं. "मधुमेहानं पायांच्या नसा मारल्यात, तात्या. तुमचे पाय आता डोळ्यांच्या भरवशावर उभे असतात. डोळे मिटलेत की पडलात."

आताही पाय जरा फाकवून, नजर अंगठ्यांवर रोवून ते उभे होते. बोट तारेवर, नाम तोंडात, आणि मनात पायांची विनवणी: धरा रं बाबांनो, एवढा काला धरा.

गजर चढला. बुवांनी हात वर केले. "मिटा डोळे! बाहेरचा लई बघितला, आता आतला बघा!"

सगळ्या मांडवाने डोळे मिटले. बुवांची नजर शेजारी गेली. बुवा साताऱ्याकडचे, थट्टेला पक्के. "का वो वीणेकरी, पायाशी काय सांडलंय? गाव देवाला भेटाया निघालं, आन् तुमी आपलं अंगठं मोजत बसलाय!"

मांडव खदखदून हसला. पाटीलही हसले.

नाथाजींची कानशिलं तापली, पण नजर हलली नाही. "म्हाराज, डोळं मिटलं की मी पडतो. माजं काय, मी उठंन. वीणा भुईला लागंल. म्हणून औंदा देव अंगठ्यावर बघतोय. हसा खुशाल."

टाळ थांबले. पाटील ताडकन उठले. "तात्या, कीर्तनात उलटून बोलायचं न्हाई! पायांत दम न्हाई तर सोडा वीणा. केरबा, घे रं."

केरबाचा हात वीणेवर पडला. नाथाजींनी दोन्ही हातांनी ती छातीशी आवळली. "तोल ग्येला न्हाई माजा अजून. हात काढ, केरबा."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने शालूबाई उठल्या. नाथाजींची बायको. पदर खोचून, टाळकऱ्यांच्या रांगेतून वाट काढत सरळ पुढे आल्या. केरबाला कोपराने बाजूला सारलं आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या पाठीवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

"आवं, मिटा आता डोळं. मी हाय मागं."

"वैनी!" पाटील गरजले. "बाईमाणसानं वीणेला हात लावायचा न्हाई, ठावं न्हाई व्हय?"

"वीणेला कुठं लावलाय, पाटील? माज्या नवऱ्याला लावलाय. त्यो काय सप्त्याचा न्हवं."

मांडवात कुणी हसलं नाही. बुवांनी एकदा शालूबाईंकडे पाहिलं, मग पखवाजवाल्याकडे वळून म्हणाले, "तुजा हात कशापायी थांबला रं?"

थाप पडली. नाथाजींनी डोळे मिटले. अंग झुललं, पुढे, मागे, आणि तळहातावर येऊन थांबलं. पायांनी किती दिवस न सांगितलेली भुई त्यांना पाठीत लागली.

बाबांनो, वीणेकऱ्याच्या पायांवर सगळेच डोकं ठेवतात. तुम्हीही ठेवा. फक्त उठताना त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे एकदा बघा, आणि आमच्या शालूबाईंची आठवण काढा.